खिळ्याला न टांगलेली पिशवी

भिंतीत खांद्याच्या उंचीवर ठोकलेला एक खिळा. वर्षानुवर्षं पिशवी घासून त्याच्याखालचा चुना गेलेला, तिथे वाटीएवढी खोलगट जागा.

ठराव सात. रस्त्यावर बेवारस सापडलेली कचऱ्याची पिशवी निरीक्षक उघडून पाहतील. आत नाव असलेला कागद मिळाला तर त्या घराला नोटीस जाईल. सूचक : खमैस बिन सासी, स्वच्छता व परिसर समिती.

मेंढीपुढे बुरशी आलेला पाव टाकला तर ती हुंगते, आणि मग टाकणाऱ्याकडे बघते.

"जेवलास का रे?" दाराच्या फटीतून. रोज. दुपारी साडेबाराला.

लोखंडी जिना, सतरा पायऱ्या, हिरवा रंग. पावसात निसरडा होईल असं जलीला म्हणते, पण बांधल्यापासून पाऊस पडलेलाच नाही.

कफनाचं कापड कपाटात, वरच्या फळीवर.

या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध आहे, असं खमैसला त्या मंगळवारी सकाळी दहापर्यंत कुणी सांगितलं असतं तर तो हसला असता. चित्रकलेचा मास्तर होता तो, तीस वर्षं मुलांना शिकवलं होतं की वस्तू आधी सुट्या सुट्या बघा, मग एकत्र. दहा वाजता नगरपालिकेच्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत पडदे ओढून घेतले, प्रोजेक्टरचा पंखा घरघरला आणि समोरच्या भिंतीवर कचरा उमटला. माणसापेक्षा मोठा. एक काळी पिशवी पोटापासून फाडलेली आणि तिच्यातून काहीतरी करडं, हिरवट, लांबट बाहेर सांडलेलं.

"हे काय, मासे?" हज्ज अम्मारने चष्मा शोधत विचारलं. समितीतला सगळ्यांत वयस्कर माणूस, पूर्वी बंदरावर हमालांचा मुकादम होता. त्याला अजून सगळीकडे मासेच दिसत.

"पाव आहे, हज्ज," समितीचा अध्यक्ष लसअद म्हणाला.

"कुठाय पाव?"

"हा सगळाच पाव आहे."

खोलीत कुणीतरी जीभ टाळ्याला लावून च्च केलं. ऐन सफ्साफ वस्तीत माणसं काय काय करत. वीज चोरत, भावाची जमीन ढापत, रमज़ानात मागच्या खोलीत लपून सिगरेट ओढत. पण शिळा पाव कचऱ्यात? शिळा पाव वेगळ्या पिशवीत जातो, पिशवी दारावरच्या खिळ्याला लागते, तिथून ती कुणीतरी नेतो, कुणाच्या तरी मेंढ्या ती खातात. रस्त्यात तुकडा दिसला तर उचलून, ओठांना लावून, पायदळी येणार नाही अशा उंचीवर ठेवायचा. दारूच्या नशेत भिंतीला धरून चालणारा माणूसही वाकून एवढं करतो, मग पुन्हा भिंत धरतो. अन्न तोंडानेच शाप देतं, असं खमैसची आई म्हणायची. ते कसं, असं त्याने लहानपणी विचारलं होतं. एक दिवस समोर येतं आणि बोलतं, ती म्हणाली होती.

"अशा चार पिशव्या," लसअद म्हणाला. तो औषधांच्या दुकानाचा मालक, गोळ्यांची पाकिटं मोजावीत तसा शब्द मोजून टाकायचा. "कोपऱ्यावरच्या कचराकुंडीत. म्हणजे मबरूकाच्या पत्र्याशेजारी. आता मला सांगा, एका घरात एवढा पाव निघेल?"

"लग्नघरातसुद्धा नाही निघणार."

"मग वस्तीचा पाव गोळा कोण करतं?"

उत्तर सगळ्यांना माहीत होतं. कुंड्या उपसून बाटल्या आणि डबे वेचणाऱ्यांना बरबाशा म्हणतात, आणि ऐन सफ्साफची बरबाशा एकच होती. सत्तावीस वर्षं मबरूकाने तीनचाकी गाडी ढकलत घरोघरच्या खिळ्यांवरून पाव उतरवला होता. कोपऱ्यावरच्या मोकळ्या जागेत तिची पत्र्याची शेड. एका बाजूला बाटल्या, एका बाजूला पुठ्ठा, आणि मधे, जमिनीपासून वर, फळीवर, पाव.

"तिने कबूलही केलंय," लसअद म्हणाला. "निरीक्षकांनी विचारलं, तर म्हणाली, माझाच. मेंढपाळाने घेतला नाही म्हणून टाकला. एवढं सरळ."

"तोंड बघा," हज्ज अम्मार म्हणाला. "आपल्या घरांतला पाव आपण चुंबन घेऊन टांगायचा, आणि हिने..." त्याचे डोळे खरोखर भरले होते.

खमैस चित्राच्या डाव्या खालच्या कोपऱ्याकडे बघत होता. तिथे पावांमधून कापडाचं एक टोक वर आलं होतं. निळं. सबंध खोलीत ते कुणाला दिसायचं कारण नव्हतं. मळलेलं निळं फडकं, कचऱ्यात असतंच. पण खमैसला त्याच्या आतली शिवण दिसत होती, न दिसणारा खिसा दिसत होता, खिशावर लाल दोऱ्याने भरलेलं नाव दिसत होतं. त्याचा शाळेचा झगा. दुसरीतला. आईला लिहिता येत नव्हतं. वहीच्या पुठ्ठ्यावरचं नाव समोर ठेवून तिने ते वेलबुट्टी काढावी तसं कापडावर काढलं होतं, आणि तो मोठा झाल्यावर झग्याच्या बाह्या कापून, खालून शिवून, तिने त्याची पावाची पिशवी केली होती. पन्नास वर्षं ती खिळ्याला लागली. त्याने हातातला चहाचा पेला टेबलावर ठेवला; जरा जास्तच आवाज झाला.

"बघा, मास्तरांनाही सहन होईना," लसअद म्हणाला. "आधीच बिचाऱ्यांच्या घरात... बारा दिवस झाले ना, सी खमैस? हज्जा शेद्लियाला जाऊन?"

"बारा," खमैस म्हणाला.

"त्या असत्या तर हे बघून पुन्हा गेल्या असत्या."

मग शिफारस झाली. मबरूकाची शेड हटवावी, तिला वस्तीत फिरायला मनाई करावी, त्या मोकळ्या जागेवर बाग करावी. बाग तर ठरलेलीच होती. कुठे, तेवढं राहिलं होतं. चार खजूर, सहा बाकं, मुलांची घसरगुंडी. खमैसनेच काढलेला नकाशा, वर्षभर लसअदच्या कपाटात पडलेला. अहवालही खमैसनेच लिहायचा होता, कारण समितीत त्याचं अक्षर सगळ्यांत चांगलं. सोमवारी खुल्या सभेत तो वाचला जाईल, सगळे नगरसेवक हात वर करतील. शिफारशीला हात वर करायचे होते तेव्हा खमैसने हात वर केला. हात हलका होता. हाताला काहीच माहीत नव्हतं.

घरी तो हिरव्या लोखंडी जिन्याने गेला. हा जिना त्यानेच मार्चमध्ये बांधून घेतला होता. आधी वर जायचं तर आईच्या खोलीवरून जावं लागे, आतल्या जिन्याने, आणि तिचं दार कायम फटीएवढं उघडं असे. तो शाळेतून येई, नंतर निवृत्त झाल्यावर नगरपालिकेतून येई, आणि फटीतून आवाज येई : जेवलास का रे? जेवलो उम्मी. थोडा पाव ठेवलाय, हरिसा चटणी आहे, ऑलिव्ह आहेत. उद्या येतो उम्मी, उद्या दुपारी बसू. आणि दुसऱ्या दिवशी दुसरं काहीतरी निघे. ती काही फार बोलत नसे. एकच गोष्ट तीनदा सांगे, मग चौथ्यांदा सांगताना थांबून विचारी, हे तुला सांगितलंय का? आणि तो 'नाही' म्हणे, आणि तिला ते खोटं आहे हे कळे, आणि तिच्या चेहऱ्यावर एक प्रकारचा संकोच येई, पाहुण्यासारखा. तो संकोच त्याला बघवत नसे. म्हणून जिना. उजेड येतो म्हणून, जलीलाला त्याने सांगितलं. बाहेरचे लोक आईच्या दारावरून जातात, तिला त्रास होतो म्हणून, आईला सांगितलं. चांगलं केलंस, आई म्हणाली. लोखंडाचा आवाज येतो. तू आलास हे कळतं.

हे वाक्य त्याने मार्चमध्ये ऐकलं होतं, आणि आत्ता, ऑगस्टमध्ये, सातव्या पायरीवर, त्याला ते पहिल्यांदा ऐकू आलं. आवाज रोज तिच्यापर्यंत जात होता. रोज साडेबाराला लोखंड वाजे, आणि तो वर जाई, आणि खाली तिने सकाळीच पावाचे दोन भाग करून ठेवलेले असत.

अहवालाचं पहिलं वाक्य त्याने त्या संध्याकाळी पाच वेळा लिहिलं. सदर पाव मबरूका नावाच्या वेचक महिलेने टाकल्याचे तिने स्वतः मान्य केले आहे. खोडलं. सदर पाव वेचक महिलेने टाकल्याचे दिसते. खोडलं. सदर पाव टाकण्यात आला. हे बरं वाटलं. कुणी टाकला हे नसलेलं वाक्य. पाव आपला आपण उठून कुंडीत गेल्यासारखं. तीस वर्षांत त्याने मुलांच्या चित्रांतून हीच खोड काढली होती, सर, मी नाही सांडला, रंग सांडला. हेही खोडलं.

"काय एवढं फाडतोयस?" जलीलाने दारातून विचारलं. ती भेंड्या चिरत होती, हातात सुरी तशीच.

"अहवाल."

"पावाचा ना? हज्ज अम्मारची बायको सांगत होती. अख्ख्या गल्लीत तेच चाललंय." ती थांबली. "मबरूकाने असं केलं असेल?"

"तिने कबूल केलंय."

"मी ते नाही विचारलं."

ती आत आली आणि त्याच्यासमोर बसली. भेंडीचा चीक तिच्या बोटांवर चमकत होता. "उन्हाळाभर खालून वास यायचा," ती म्हणाली. "गोड. ओल्या भिंतीसारखा. मी तुला म्हटलं होतं, उंदीर मेलाय, बघ. तू डांबराच्या गोळ्या आणून दिल्यास."

"हो."

"उम्मी गेल्यापासून येत नाही तो वास." एवढं बोलून ती उठली, आणि स्वयंपाकघरात भेंडी पुन्हा चिरली जाऊ लागली, फार सावकाश, एकेक. तिला माहीत आहे, त्याला वाटलं. नाही, तिला माहीत नाही, ती फक्त दार फटीएवढं उघडं ठेवून गेली आहे. त्या घरातल्या बायका हेच करतात.

बारा दिवसांपूर्वी आई सकाळी नऊच्या सुमारास गेली. चहा करायला उठली आणि बसली, एवढंच. जलीलाने बघितलं, ओरडली नाही, वर येऊन त्याला हाताला धरून खाली नेलं. दहापर्यंत खोलीत चार बायका जमल्या होत्या, आणि मयताला आंघोळ, गुसल, घालणारी बाई पाणी तापवायला सांगून म्हणाली, कफनाचं ठेवलंय का तिने काही? आहे, खमैस म्हणाला, मी काढतो. दहा वर्षांत आईने निदान शंभरदा सांगितलं होतं, वरच्या फळीवर, मक्केहून आणलेलं, झमझमच्या पाण्यात भिजवून वाळवलेलं. त्याने बायकांना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि कपाट उघडलं.

आधी वास. मग पाव. कफन होतं, वरच्या फळीवर, स्वच्छ, घडी घातलेलं. पण बाकी सगळ्या फळ्यांवर पाव होता, लांब पावाचे अर्धे अर्धे तुकडे, एकावर एक, लाकडाच्या वखारीत ओंडके रचतात तसे नीट रचलेले. तळाचे दगड झाले होते. त्यांवरचे करडे. त्यांवरचे हिरवे, केसाळ. वर येताना रंग उजळत गेला होता, आणि सर्वांत वरचे अलीकडचे तुकडे निळ्या पिशवीत. मार्चपासूनचा एकेक दिवस. प्रत्येक तुकडा हाताने तोडलेला, सुरीने नाही, कारण पावावर सुरी चालवायची नाही. त्यामुळे प्रत्येकाच्या तोंडाशी तिच्या बोटांचा दाब.

पहिली गोष्ट जी त्याच्या मनात आली, ती आई नव्हती. हे तो पुढे कितीही वेळा आठवू लागला तरी पहिली तीच गोष्ट यायची. पहिली गोष्ट होती : बाहेर चार बायका बसल्यात. हज्ज अम्मारची बायको त्यांत आहे. त्या आत येतील, कपाट उघडं असेल, आणि संध्याकाळपर्यंत ऐन सफ्साफला कळेल की नगरसेवक खमैस बिन सासीची आई पाव लपवून ठेवत होती. उपाशी ठेवत असतील. नाहीतर डोकं गेलं होतं आणि लेकाला पत्ता नव्हता. दोन्हीपैकी काय बरं, हा विचारसुद्धा त्याने तिथे उभ्याउभ्या केला. खिळ्याला टांगावा, तर एका खिळ्याला एवढा पाव? तीस घरांचे खिळे लागले असते. म्हणून काळ्या पिशव्या. चार. मागच्या दाराने, गाडीच्या डिकीत. दुपारच्या अज़ानच्या वेळी, ऊन असं की गल्लीत कुत्रंही नाही. कोपऱ्यावरच्या कुंडीत त्याने त्या टाकल्या, झाकण लावलं, आणि हात पँटला पुसून आईला खांदा द्यायला परत आला. निळी पिशवी त्यांतच गेली हे त्याला रात्री आठवलं. आणि तरी, खरं सांगायचं तर, त्या रात्री त्याला सुटल्यासारखं वाटलं होतं.

गुरुवारी तो मबरूकाकडे गेला. ती शेडसमोर पुठ्ठे बांधत होती. हाडं मोठी, डोक्यावरून रुमाल मागे गाठ मारलेला, हातात मासेमारीचे जुने रबरी मोजे.

"ये, शेद्लियाच्या लेका," ती म्हणाली. 'सी खमैस', म्हणजे खमैससाहेब, नाही म्हणाली. "बस. ती गोणी स्वच्छ आहे, नुसत्या बाटल्या आहेत."

तो बसला. बाटल्या खाली कुरकुरल्या. काय बोलायचं ते त्याने ठरवून आणलं होतं, पण ते अहवालाच्या भाषेत होतं. ती आत गेली आणि फळीवरून काहीतरी घेऊन आली. निळी पिशवी. धुतलेली, वाळवलेली, चार घड्या घातलेली, लाल नाव वर येईल अशी.

"निरीक्षक फोटो काढून गेल्यावर बाहेर ओढली," ती म्हणाली. "सुती आहे. अजून वीस वर्षं जाईल."

"खाल्ती मबरूका," तो मावशीला म्हणावं तसं म्हणाला, "तुम्ही का सांगितलंत तसं?"

"कसं?"

"की पाव तुमचा."

"मग काय सांगायचं होतं?" तिने मोजा काढला, बोटं मोकळी केली. "ते विचारत होते एवढा पाव कुणाचा. मला पिशवी दिसली. मार्चपासून तिच्या खिळ्याला काही नसायचं. मी दारातून विचारायची, काय हज्जा, हल्ली सगळा पाव संपतो वाटतं? ती म्हणायची, लेक जेवायला येतो दुपारी." ती हसली, टोमणा मारल्यासारखी नाही. "मला तर बरं वाटलं होतं रे."

खमैसने घडीकडे बघितलं. लाल दोरा एका ठिकाणी उसवला होता, तिथे कुणीतरी नुकताच टाका घातला होता, दुसऱ्याच लाल रंगाचा.

"डोकं गेलं होतं का तिचं?" त्याने विचारलं. हे विचारायचं ठरवलं नव्हतं.

"माझ्याशी बोलताना तरी नव्हतं."

"मी सोमवारी सगळं सांगतो. सभेत. उभा राहून."

"नको," ती लगेच म्हणाली. "अजिबात नको. ऐक. मी बरबाशा. माझ्याबद्दल लोक काहीही बोलतात, मी त्यावर झोपते नि उठते. ती हज्जा होती. या गल्लीत तीच एक बाई, पाव देताना पिशवी हातात द्यायची, वरनं टाकायची नाही. तिच्याबद्दल उद्या बायका पाणी भरताना बोलणार? त्यासाठी घेतलं मी अंगावर?"

"पण तुमची शेड—"

"म्हणून तर. तू नकाशा काढणारा ना? मग बाग तिकडे ने." तिने रबरी मोज्याने दाखवलं. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे नगरपालिकेचीच जागा होती, तीन जुनी तुतीची झाडंही उभी होती. "सावली आयती आहे. खजूर लावून दहा वर्षं वाट बघत बसण्यापेक्षा. तेवढं सुचव. तुझं ऐकतात. मला हाकलायची घाई त्यांना जागेसाठी आहे, पावासाठी नाही. जागा दुसरी मिळाली की पाव विसरतील."

किती साधं होतं. परतताना त्याला खरोखर हलकं वाटलं. शुक्रवार, शनिवार, रविवार तो नकाशा काढत होता, शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच एवढ्या मनापासून. तुतीची झाडं त्याने पानापानांनी काढली. बाकं सावलीत. घसरगुंडी पूर्वेला, म्हणजे दुपारी पत्रा तापणार नाही. खर्चाचे आकडे खाली, स्वच्छ अक्षरात. हे चांगलं होतं. हे लसअदच्या जागेपेक्षा खरोखर चांगलं होतं. नकाशाची घडी घालून त्याने ती निळ्या पिशवीत ठेवली. सोमवारी सभेला जाताना तो आतल्या जिन्याने उतरला, आईच्या दारावरून. दार बंद होतं. ते बंद असलेलं त्याने कधी बघितलंच नव्हतं.

सभागृहात मागच्या रांगांना लोक होते, नेहमीपेक्षा बरेच, पावाने आणलेले. मबरूका अगदी मागे, दाराशी, उभी. पांढरी सफसारी, ती अंगभरची चादर, गुंडाळून आली होती, लग्नाला यावं तशी. खमैसला अहवाल वाचायचा होता आणि मग, दुरुस्ती म्हणून, जागा सुचवायची होती. वाक्यं पाठ होती. 'समितीच्या शिफारशीत एक दुरुस्ती सुचवू इच्छितो.' लसअदने मान हलवली, पडदे ओढले गेले, आणि चित्र पुन्हा भिंतीवर आलं. ते येईल हे त्याला माहीत होतं. पण या भिंतीचा चुना जास्त पांढरा होता, की काय, रंग स्पष्ट दिसत होते, पावाची तोंडं दिसत होती, तोडलेली, बोटांच्या दाबासकट. आता अन्न समोर आलंय आणि ते बोलणार आहे, असं त्याला वाटलं. मागून कुणीतरी म्हणालं, हरामखोर बाई. दुसरं कुणी हसलं. खमैसने अहवाल उचलला, आणि त्याच्या तोंडून आलं ते वाक्य अहवालातलं नव्हतं, दुरुस्तीतलंही नव्हतं.

"तो पाव माझ्या घरातला आहे," तो म्हणाला.

मग थांबता येईना. उतारावर सुटलेल्या गाडीसारखा तो बोलत गेला. कपाट, फळ्या, काळ्या पिशव्या, जिना. जिन्याच्या पायऱ्या किती ते सुद्धा. आई रोज अर्धा पाव ठेवायची, माझ्यासाठी, मी जात नव्हतो. निळी पिशवी त्याने उचलून दाखवली, लाल नाव, आणि त्याला रडू आलं, आणि रडताना, अगदी त्या क्षणी, त्याला बरं वाटलं. अंग धुऊन निघाल्यासारखं. ते बरं वाटणं त्याने ओळखलं, आणि तरी तो रडत राहिला.

कुणी हसलं नाही. कुणी दगड मारला नाही. सभागृहातून एकेक आवाज वर आला, अल्ला तिच्यावर रहम करो, म्हातारपण असतं, माझी आई साखर लपवायची, माझे वडील तर बूट. हज्ज अम्मार उठून त्याच्याजवळ आला, त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं, शेजारी बसला आणि त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसला. "लेका," तो म्हणत होता, "लेका, एवढं मनात ठेवून फिरत होतास."

"असा माणूस आपल्या समितीत आहे," लसअद म्हणाला, आणि त्याचाही आवाज जड झाला होता, "याचा मला अभिमान आहे. अहवालातलं ते पावाचं वाक्य आपण काढून टाकू. इतिवृत्तातही नको. घरातली गोष्ट आहे." त्याने कागदावर रेघ मारली. "राहिला जागेचा प्रश्न. पाव कुणाचा का असेना, कोपऱ्यावर ती शेड शोभत नाही, हे आपण सगळेच जाणतो. सी खमैसचा सुंदर नकाशा तयार आहेच. मला वाटतं, बागेला हज्जा शेद्लियाचं नाव द्यावं."

टाळ्या झाल्या. मनापासूनच्या टाळ्या होत्या.

खमैसला बोलायचं होतं. नकाशा पिशवीत होता, पिशवी मांडीवर होती, तुतीची झाडं पानापानांनी काढलेली होती. पण ज्या आवाजात तो आता बोलला असता तो आवाज पुन्हा रडण्याचाच निघाला असता, आणि लोक पुन्हा म्हणाले असते, बिचारा. बाजूने असलेल्यांनी हात वर करा, लसअद म्हणाला. हज्ज अम्मारने हात वर केला. त्याच्या मुठीत खमैसचा हात होता. दोन्ही हात वर गेले. म्हाताऱ्याची पकड हमालाची असली तरी सैल होती; हात काढून घेता आला असता. तो वर होता तेवढ्यात लसअदने नजरेने मोजलं आणि म्हणाला, एकमताने.

बाहेर पायऱ्यांवर मबरूका उभी होती. लोक तिच्याकडे न बघता, जरा ओशाळून, बाजूने जात होते. खमैस तिच्यासमोर थांबला. पिशवी दोन्ही हातांनी छातीशी.

"झालं समाधान?" ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तिची तेवढी एक गोष्ट मी झाकून ठेवली होती, सी खमैस."

तिने सफसारी दातांत धरून सावरली आणि ती कोपऱ्याच्या दिशेने चालू लागली. वाटेत, बेकरीच्या पायरीखाली, पावाचा एक तुकडा पडला होता. ती वाकली, उचलला, ओठांना लावला, आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून पुढे गेली.

कपाटातल्या निळ्या पिशवीतला सर्वांत वरचा तुकडा आई गेली त्या सकाळचा होता. तो मऊ होता.